दुखत नाही ना? मग...

पेरू खाताना कधी पेरूवर रक्त बघितलंय का? पांढऱ्या गरावर दातांच्या खुणा उमटतात, त्यांच्या कडेने एक बारीक लालसर रेघ. मला दिसायची. नांदेडला एसजीजीएसमध्ये इंजिनिअरिंगला होतो तेव्हापासून दिसायची. मी काय करायचो? पेरू फिरवून दुसऱ्या बाजूने खायचो :-)

पुढे पुण्यात आलो, नोकरी लागली. पेरूची जागा सफरचंदाने घेतली (पगार वाढला की माणूस सफरचंदावर येतो), पण रेघ तीच. सकाळी ब्रश केल्यावर बेसिनमध्ये गुलाबी फेस. तो पाणी सोडून वाहून लावायचा आणि सव्वानऊची बस पकडायची. दुखत नव्हतं ना! आमच्या धंद्यात कोड कंपाइल करताना दोन प्रकारचे मेसेज येतात. एक एरर, तो आला की काम थांबतं. दुसरी वॉर्निंग, ती आली तरी प्रोग्रॅम चालतो. त्यामुळे जगातला कुठलाही प्रोग्रॅमर वॉर्निंग वाचत नाही. मीही नाही वाचली. तब्बल बारा वर्षं.

आता तुम्ही म्हणाल, शनिवारी सकाळी हा माणूस हिरड्यांवर का घसरला? सांगतो. यामागे एक हुरडा पार्टी आहे.

गेल्या जानेवारीत आईबाबांना घेऊन लातूरला काकांकडे गेलो होतो. पनवेल एक्स्प्रेसने आधी नांदेड, मग तिथून गाडी करून लोहा, अहमदपूर, चाकूर असं लातूर. काकांचं शेत औशाच्या बाजूला आहे. ज्यांनी हुरडा खाल्ला नाही त्यांना काय सांगू... कोवळी ज्वारीची कणसं आगटीत भाजायची, गरम गरम तळहातावर चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचं आणि ते हिरवे दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर तोंडात टाकायचे. आमचे बाबा म्हणजे हुरड्यातला दर्दी माणूस. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केली, बदल्या जिथे जिथे झाल्या तिथल्या हुरड्याची चव अजून सांगतात. लहानपणी आम्ही एक मूठ संपवेपर्यंत बाबांच्या तीन मुठी व्हायच्या.

या वेळी बाबा आगटीशेजारी बसून सगळ्यांना कणसं चोळून देत होते. स्वतः खात नव्हते. म्हणजे घेत होते तळहातावर, दोन दाणे तोंडात टाकत होते आणि उरलेली मूठ हळूच माझ्या मुलाच्या हातात. मला यात काही विशेष वाटलं नाही. आजोबा नातवाला भरवतायत, छान फोटो येईल म्हणून मी मोबाइल काढला.

माझी चुलतबहीण मात्र बघत होती. ती डेंटिस्ट आहे, लातूरलाच प्रॅक्टिस करते. बाबांजवळ येऊन बसली.

"मोठे काका, तोंड उघडा बरं जरा."

"अगं इथं शेतात काय करलालीस? दवाखाना आहे का हा?"

"उघडा तर."

मोबाइलचा टॉर्च लावला, एक मिनिटभर बघितलं आणि खालच्या पुढच्या दाताला बोटाने हलकेच ढकललं. तो हलला. मला दिसला हललेला.

"कधीपासून आहे?"

"वर्ष झालं असेल. दोन वर तर आधीच गेले. वय झालं बाई आता. आमच्या बाबांचे पन्नाशीतच पडले होते."

"दुखतं का?"

"छे! अजिबात नाही."

"हां. तोच तर प्रॉब्लेम आहे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. "दादा, तुला माहीत नव्हतं?"

मंडळी, मला माहीत नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. बाबा हसताना तोंडावर हात धरतात हे मी बघत होतो. भाकरी कुस्करून वरणात काला करून खातात हेही आई सांगत होती. दहा वर्षांपासून त्यांना शुगर आहे म्हणून मी पुण्याहून ग्लुकोमीटर पाठवला, रीडिंगची एक्सेल शीट बनवली, आलेख काढले. पण "बाबा, दात कसे आहेत?" हे एकदाही विचारलं नाही. आणि मी नाही तर नाही, दर तीन महिन्यांनी त्यांची शुगर बघणाऱ्या डॉक्टरांनीही कधी तोंड उघडायला सांगितलं नव्हतं. दुखत नव्हतं ना!

हा लेख या दोन शब्दांविरुद्ध आहे.

*

आधी भानगड काय असते ते मला समजलं तसं सांगतो. बहिणीने लातूरला क्लिनिकमध्ये बसवून समजावलं, नंतर मी सवयीप्रमाणे वाचत बसलो.

दात घासल्यावर काही तासांतच दातावर एक चिकट, पातळ थर बसायला लागतो. प्लाक म्हणतात त्याला. जीभ फिरवली की बुळबुळीत लागतं ते. तो अन्नाचा नव्हे, जिवंत जंतूंचा थर असतो, एकमेकांना धरून राहणारी त्यांची वसाहतच. ब्रशने निघतो. नाही काढला तर लाळेतल्या कॅल्शियमसारख्या क्षारांनी काही दिवसांत दगडासारखा होतो. हे कीटण. ते मग ब्रशने निघत नाही, कितीही जोर लावा.

हा थर हिरडीच्या कडेला साचला की हिरडी चिडते. सुजते, लाल होते, जरासा धक्का लागला की रक्त येतं. ही पहिली पायरी, जिंजिव्हायटिस. माझा पेरू तो हाच. दुसरी पायरी म्हणजे सूज आत उतरते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये जी बारीकशी खाच असते ती खोल व्हायला लागते. डॉक्टर खुणा केलेली एक बारीक सळई घालून ती मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. बाबांच्या काही दातांना सात आणि आठ निघाले. तिथे ब्रश पोहोचत नाही, त्यामुळे जंतूंना मोकळं रान मिळतं आणि दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड झिजायला लागतं. हा पेरिओडाँटायटिस, आपल्याकडे पायरिया म्हणतात तो.

गंमत अशी (गंमत कसली!) की हाड मुख्यतः जंतू खात नाहीत. जंतूंशी लढायला आलेली आपलीच प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं लढत राहते आणि त्या मारामारीत आपलंच हाड जातं. आणि हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं. किडलेली दाढ रात्री दोन वाजता उठवून बसवते, म्हणून माणूस डेंटिस्टकडे जातो. हिरडी बिचारी कधीच उठवत नाही.

पहिल्या पायरीवरून पूर्ण परत येता येतं. दुसरीवरून नाही. तिथे आजार थांबवता येतो, पण गेलेलं हाड पूर्वीसारखं सगळं भरून येत नाही. म्हणजे जोपर्यंत गोष्ट फुकटात दुरुस्त होते तोपर्यंत दुखत नाही, आणि दात हलून जेवताना त्रास व्हायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. इतकं वाईट एरर हँडलिंग मी कुठल्या सिस्टीममध्ये पाहिलेलं नाही. पण एक आहे, वॉर्निंग मात्र येते. लाल रंगात येते!

*

पहिल्या पायरीवरून परत येता येतं हे कशावरून? यावर एक झकास प्रयोग झालेला आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुसला हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. निरोगी हिरड्यांची १२ माणसं घेतली, त्यात बहुतेक डेंटलचेच विद्यार्थी. त्यांना सांगितलं, उद्यापासून दात घासायचे नाहीत. झालं! दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग सांगितलं, आता घासा. साधारण आठवड्याभरात सगळ्यांच्या पूर्ववत. कुठलं औषध नाही, गोळी नाही. स्विच बंद केला, दिवा गेला. चालू केला, आला. कार्यकारणभाव दाखवायचा तर असा दाखवावा. एखाद्या बगचं इतकं स्वच्छ रिप्रॉडक्शन आमच्या टेस्टिंगवाल्यांनी कधी दिलं तर मी त्यांना सुरभीत जेवायला नेईन.

मी हा प्रयोग स्वतःवर उलटा करून बघितला. बहिणीने आधी माझे दात स्केलिंग करून दिले (बारा वर्षांचं कीटण, तिने काढलेला फोटो इथे टाकत नाही, तुमचा नाश्ता झाला नसेल). मग ब्रश कसा धरायचा ते शिकवलं. आठ-दहा दिवस रक्त येतच होतं. इथेच बहुतेक लोक चुकतात. मीही चुकायचो. जिथून रक्त येतं तिथे आपण ब्रश लावायचा टाळतो, जखम आहे म्हणून. आणि तिथेच तर थर साचलेला असतो. जिथून रक्त येतं तिथेच जास्त काळजीने, हलक्या हाताने पण न चुकता घासायचं. तीन आठवड्यांनी मंडईतून एक चांगला कडक पेरू आणला. कचकन चावा घेतला. पांढरा शुभ्र!

मला विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या बाजूनेही चावून बघितला.

*

आता मूळ मुद्दा. घरी हे बोललो की सगळ्यात आधी जे ऐकू येतं ते असं, "आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश धरला नाही. बाभळीची काडी, नाहीतर राखुंडी. नव्वदाव्या वर्षी हरभरे फोडायचे."

असतीलही फोडत. मी आजोबांवर शंका घेत नाही. पण याचंही उत्तर आहे, आणि ते आपल्या शेजारीच, श्रीलंकेत मिळालं. त्याच लो यांच्या चमूने १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं तिथल्या चहाच्या मळ्यातल्या ४८० मजुरांची तोंडं वेळोवेळी तपासली. ना दात घासायची पद्धत, ना कधी डेंटिस्ट बघितलेला. (नुसतं बघत बसायचं, हे आज कुठलीही एथिक्स कमिटी मान्य करणार नाही, ते सोडा.) निकाल काय लागला? ८१ टक्के लोकांचा आजार मध्यम गतीने वाढत गेला. ८ टक्क्यांचा धडाक्यात वाढला, त्यांचे पंचेचाळिशीपर्यंत जवळजवळ सगळे दात गेले. आणि ११ टक्के लोकांच्या हिरड्या सुजलेल्या असूनही आजार पुढे सरकलाच नाही.

हरभरे फोडणारे आजोबा या ११ टक्क्यांतले. गावाला तेच आठवतात, कारण त्यांचे दात शिल्लक होते! पन्नाशीत बोळके झालेल्या बाकीच्यांच्या गोष्टी कोण सांगणार? माझ्याच घरात बघा ना. बाबांच्या वडिलांचे पन्नाशीत पडले, त्यांना आम्ही "म्हातारे झाले" म्हणून मोकळे झालो. पन्नास हे काय म्हातारपण आहे?

या ११ टक्क्यांत आपण आहोत की ८ टक्क्यांत, हे आधी कळत नाही. आईवडिलांचे दात लवकर गेले असतील तर आपण जरा जास्त सावध राहावं, एवढं म्हणता येतं. पण "वय झालं" हे कारण बाद. वय वाढलं म्हणून दात पडत नाहीत. वर्षानुवर्षं साठत गेलेल्या आजाराने पडतात, आणि साठायला वर्षं लागतात म्हणून तो म्हातारपणी दिसतो. टेक्निकल डेटचं असंच असतं, रिलीजच्या दिवशी दिसतं, जमा मात्र पहिल्या दिवसापासून होत असतं.

दुसरी समजूत, "दात साफ करून घेतले की हलायला लागतात." ही मी नांदेडात ऐकलीय, लातूरात ऐकलीय, पुण्यात माझ्या टीममधल्या एम.टेक. मुलाकडून ऐकलीय. होतं काय, हाड आधीच झिजलेलं असतं आणि दात कीटणाच्या प्लास्टरवर उभे असतात. प्लास्टर काढलं की ते आधीपासून हलत होते हे उघड होतं. सूज उतरल्यावर दातांमध्ये फटीही दिसतात, थंड-गरम लागतं काही दिवस. लोकांना वाटतं डॉक्टरने केलं. डॉक्टरने फक्त झाकण उघडलं. आत जे होतं ते आपलंच होतं.

तिसरी गोष्ट समजूत नाही, व्यसन आहे, पण आपल्याकडे दात घासण्याच्या नावाखाली चालतं. मशेरी, कुणी मिश्री म्हणतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि बोटाने हिरड्यांना घासायची. आमची आजी दिवसातून चार-पाच वेळा लावायची. पान-तंबाखू खाणाऱ्या बाईला गाव नावं ठेवायचं, आजीला कुणी काही म्हणत नव्हतं, कारण ती "दात घासत" होती. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? २०१६-१७ च्या केंद्र सरकारच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि धूर न काढणारी तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखूचा प्रश्न हा मुख्यतः सिगारेटचा नाहीच, तो गालात आणि हिरडीवर ठेवायच्या तंबाखूचा आहे. जिथे ठेवतात तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि तोंडाचा कॅन्सर तर आहेच.

आणि सिगारेटवाल्या मित्रांनो, तुम्ही "माझ्या तर हिरड्यांतून रक्त येत नाही" म्हणून खूश होऊ नका. निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी येतं. आजार आत चालूच असतो, उलट जास्त वेगाने. म्हणजे तुम्ही वॉर्निंगच बंद करून ठेवलीय.

*

आता शुगर. हे मला सगळ्यात जास्त लागलं. मधुमेह असला की हिरड्यांचा आजार लवकर होतो आणि जोरात वाढतो, हे जुनं ज्ञान. याच लो साहेबांनी १९९३ साली त्याला मधुमेहाचं सहावं कॉम्प्लिकेशन म्हटलं होतं. डोळे, किडनी वगैरेंच्या रांगेत. पण उलटही खरं आहे. हिरड्यांत कायमची सूज असली की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. हिरड्यांचे नीट उपचार केले तर एचबीएवनसी काही महिन्यांत सरासरी सुमारे ०.४ ने उतरतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. आकडा लहान वाटतो, पण त्यासाठी एरवी एखादी गोळी वाढवावी लागते.

बाबांची एक्सेल शीट मी पुन्हा उघडली. पथ्य पाळूनही शुगर का उतरत नाही म्हणून मी त्यांना फोनवर किती बोललो होतो! "बाबा, तुम्ही गुपचूप पेढे खाता का?" असं सुद्धा विचारलं होतं. शीटमध्ये नाश्त्याचा कॉलम होता, चालण्याचा होता, झोपेचा होता. दातांचा नव्हता.

बाबांचे उपचार लातूरलाच झाले. तोंडाचे चार भाग करून चार वेळा, भूल देऊन हिरडीच्या आतली सफाई. खालचे दोन दात वाचले नाहीत, काढावे लागले. बाकीचे टिकतील, दर तीन महिन्यांनी दाखवायचं या अटीवर. शुगर पुढच्या तपासणीत उतरली. पण त्याच काळात त्यांची एक गोळीही बदलली होती, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते मी ठरवणार नाही. दोन व्हेरिएबल एकदम बदलली की असंच होतं.

आणि बरं का, मराठवाड्यात सोय नाही असंही म्हणता येत नाही. लातूरला एमआयडीएसआर आहे, नांदेडला रुरल डेंटल कॉलेज आहे. डेंटल कॉलेजात खाजगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी पैशात काम होतं, वेळ जास्त लागतो एवढंच. पण माणूस जाईल तर ना! आपल्याकडे दाताच्या दवाखान्यात जायचं ते दात काढायला. गाडीचं ऑइल न बदलता थेट इंजिन बसल्यावर गॅरेजला जायचं, तसं.

*

हे फक्त गावाकडचं आहे असं समजून पुण्या-मुंबईच्या मंडळींनी निवांत होऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात हिरड्यांच्या गंभीर आजाराचे शंभर कोटीच्या आसपास रुग्ण आहेत. आपल्या मनगटावर घड्याळ आहे, ते पावलं मोजतं, झोप मोजतं, नाडी मोजतं. कंपनी दरवर्षी हेल्थ चेकअप करते. आमच्या चेकअपमध्ये रक्ताच्या चाळीसेक तपासण्या असतात, ट्रेडमिलवर पळवतात, डोळे तपासतात. तोंड मात्र कुणी उघडायला सांगत नाही. मी एचआरला मेल टाकलाय. उत्तर आलं, "वी विल लुक इनटू इट." म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच.

माझं म्हणणं एवढंच. एक, मधुमेह असलेल्या प्रत्येक माणसाच्या तपासणीत तोंड बघणं हे पाय बघण्याइतकं सक्तीचं असावं. दोन, कंपन्यांच्या चेकअपमध्ये हिरड्या असाव्यात. सळई घालून मोजायला कितीसा वेळ लागतो! आणि तीन, या दोन्ही गोष्टी होईपर्यंत आपण आपलं बघावं, कारण इथे कुणीच आपल्याला उठवायला येणार नाही. दुखणंसुद्धा.

करायचं काय? फार नाही. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन मिनिटं. रात्रीचा चुकवायचा नाही. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका, साधारण ४५ अंशांत धरायचा आणि जागच्या जागी हलका हलवायचा. फरशी घासल्यासारखा आडवा ओढायचा नाही. जोर लावून, कडक ब्रशने किंवा खरखरीत काळ्या मंजनाने दात आणि हिरडी दोन्ही झिजतात. दोन दातांच्या मध्ये ब्रश जात नाही, तिथे फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश. वर्षातून एक-दोनदा स्केलिंग. तंबाखू बंद, सगळ्या नावांची. शुगर असेल तर डेंटिस्टला सांगायचं आणि शुगरच्या डॉक्टरला दात दाखवलेत का ते सांगायचं.

पाणी नाही ही सबबही नको. लातूरकरांपेक्षा पाण्याची टंचाई कुणी बघितलीय? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात काकांकडे अंघोळ एक दिवसाआड होती, पण दात अर्ध्या पेल्यात रोज घासले जायचे. काकूंचा कडक नियम. तसंही ब्रश केल्यावर खूप चुळा भरू नयेत म्हणतात, नुसतं थुंकावं, म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहतं.

काल बाबांचा फोन होता. काकांनी शेतात पुन्हा ज्वारी पेरलीय, जानेवारीत या म्हणाले. मी विचारलं, "बाबा, चावता येईल का?" तर म्हणे, "एका बाजूने येतंय. तू तुझं बघ, तुझ्या पोराला दात घासायला लाव." मास्तर ते मास्तरच.

तर मंडळी, उद्या सकाळी ब्रश झाल्यावर पाणी सोडायच्या आधी एकदा बेसिनमध्ये बघा. आणि रविवार आहे, घरी फोन होईलच. बीपी-शुगर विचारून झालं की एवढंही विचारा, आईबाबा भाकरी चावून खातात की कुस्करून.

चला, माझं स्केलिंग आहे साडेअकराला. पुढच्या शनिवारी भेटू.